वीरूच्या नावाचा घास

लातूर, १४ जून २००५

आज पोचले. लोह्याहून सकाळची एसटी मिळाली. भाऊ स्टँडवर सोडायला आला होता आणि डोळे पुसत होता. मी म्हटलं, रडायला मी काय सासरी चालले का, मुलींच्या वसतिगृहात स्वयंपाकाला चालले. तर म्हणतो, सिंधुताई, सासरीच की, पन्नास सासवा हायत तिथं. दोघंही हसलो. बऱ्याच वर्षांनी मी अशी हसत गाडीत बसले.

वसतिगृह क्लासच्या गल्लीत आहे. वर मुलींच्या खोल्या, खाली मेस, मेसला लागून माझी खोली. खोलीला एकच खिडकी आणि ती मेसमध्ये उघडते. गल्लीत भिंतीभिंतीवर पहिल्या आलेल्या मुलामुलींचे फोटो. एवढी हसरी तोंडं एका गल्लीत मी कधी पाहिली नव्हती. मालक श्रीमंत सर माणूस बरा वाटला. मुली म्हणतात, नावाचेच श्रीमंत, जिन्यात बल्ब मात्र झिरोचा.

संध्याकाळी येसर मसाल्याची आमटी आणि ज्वारीच्या भाकरी केल्या. सुमय्या नावाची उदगीरची पोरगी आहे, जिभेला हाड नाही. म्हणाली, मावशी, आधीच्या मावशींच्या वरणात डाळ सापडली की आम्ही पेढे वाटायचो, तुम्ही तर आमचे पेढेच बंद केले.

शाळा मला तिसरीपर्यंतच. पुढचं वाचन एकटीनं शिकले, आधी किराण्याच्या पुड्यांवरून, मग लोह्याच्या वाचनालयातून. लिहायची सवय तिथूनच लागली. इथं रात्रीचा वेळ आपला आहे. लिहीत जाईन.

२ जुलै

औशाकडं जाणारी गाडी दिसली की मी अजून मान फिरवते. त्या बाजूला माझं सासर होतं. त्र्याण्णवच्या साली महालक्ष्म्यांना माहेरी गेले होते, आई म्हणाली अजून चार दिवस राहा, म्हणून राहिले. तेवढ्यात भूकंप झाला. मी पोचेपर्यंत सगळ्यांना एकत्र अग्नी देऊन झाला होता. घर नाही, माझा नवरा भुजंग नाही, त्या राखेत त्याची कोणती तेही नाही. लोक म्हणतात, ते दृश्य डोळ्यांपुढून जात नाही. माझ्या डोळ्यांपुढं काही येतच नाही. मी काही पाहिलंच नाही. मूलबाळ झालं नव्हतं. बाया म्हणाल्या, बरंच झालं. बरं कसं झालं ते मला बारा वर्षांत कळलेलं नाही.

हे आज आठवायचं कारण सुकन्या. बारावीची मुलगी, सुमय्याच्या खोलीत राहते. तीही त्याच भागातली, भूकंपात आईबाप गेले, काकानं वाढवलं. ताटात भात इकडून तिकडं सरकवते आणि उठते. कधी दुपारी गुपचूप येऊन उरलेलं सगळं खाते आणि मग मोरीत ओकून काढते. मनगट माझ्या दोन बोटांत मावतं. सुमय्याला विचारलं तर पहिल्यांदाच तिनं थट्टा केली नाही. म्हणाली, मावशी, तिचे केस उशीवर राहून राहिलेत.

१३ जुलै

सुकन्या क्लासमध्ये चक्कर येऊन पडली. सलाईन लावून आणली. श्रीमंत सर म्हणाले, घरी न्या, उद्या काही झालं तर कोण निस्तरणार. तिचे काका शिवलिंगअप्पा गावाहून आले, धोतराचा सोगा हातात घेऊन उभे. म्हणाले, सर, मार्क गेले तर जाऊ द्या, माझ्या भावाचं एवढंच उरलंय, ते जाऊ देऊ नका. मीच म्हटलं, ही माझ्याकडं राहू द्या, मी हिला जगवते.

असं कसं बोलून गेले कोण जाणे. पण बोलले.

२१ जुलै

सुकन्यासाठी डॉक्टर लुबना दर आठवड्याला नांदेडहून येतात. वडिलांचं तिथं अत्तराचं दुकान आणि या मनाच्या डॉक्टर. गुजरातच्या भूकंपानंतर तिकडं काम करताना डोळ्यांची एक पद्धत शिकल्या. शेजारी बसून दोन बोटं डोळ्यांसमोरून डावीकडून उजवीकडं, उजवीकडून डावीकडं नेतात. मान न हलवता फक्त डोळ्यांनी बोटांमागं जायचं आणि मनात ती जुनी गोष्ट धरायची. बोटं थांबली की त्या विचारतात, आता काय आलं.

मी म्हटलं, म्हणजे दृष्ट काढल्यासारखंच की. त्या हसल्या. म्हणाल्या, आमची दादी पण हेच बोलते. पण मावशी, दृष्ट दुसऱ्याची लागते, हिला हिच्या स्वतःच्या डोळ्यांनी पाहिलेलं लागलंय.

नुसतं खायला घातलं तर भीती दुसरीकडून डोकं काढते आणि नुसती भीती उकरली तर उपाशी अंगाला झेपत नाही, म्हणून दोन्हींवर बरोबरच काम करायचं, असं त्यांनी समजावलं. आधी काही दिवस फक्त वेळेवर थोडं थोडं खाणं आणि मनातली एक सुखाची जागा शोधणं. सुकन्यानं सांगितलं, तिची सुखाची जागा माझ्या स्वयंपाकघरातला कोपरा, पिठाच्या डब्याजवळचा. मी शेजारी असले तरच बसणार असंही ती म्हणाली.

डॉक्टरांनी मला दोन गोष्टी बजावल्या. खाण्यावरून सौदा करायचा नाही, आणि डोळ्यांच्या बैठकीत जे निघेल ते ताटावर काढायचं नाही. कसम घ्या, म्हणाल्या. मी हाव म्हणून कसम घेतली.

११ ऑगस्ट

आज ते निघालं. बोटं जात होती, येत होती, सुकन्याचे डोळे मागं धावत होते आणि ती बोलत होती.

पाच वर्षांची होती. चुलीजवळची भिंत पडली आणि ती आणि तिचा धाकटा भाऊ वीरभद्र खालच्या पोकळीत अडकले. तो नुकता बोलायला लागलेला. सगळं काळं. वीरू भूक भूक म्हणून रडत होता. तिच्या हाताला मऊ पीठ लागलं. तिला वाटलं, पिठाचा डबा फुटला. आई भरवायची तसं तिनं त्याला भरवलं. हा घास आईचा, हा घास काकाचा, हा घास वीरूचा. तो खात गेला. मग रडायचा थांबला. तिला वाटलं, पोट भरलं, झोपला.

लोकांनी वरचे दगड काढले तेव्हा उजेड आला. ते पीठ नव्हतं. वरच्या मातीच्या छपराची, माळवदाची पांढरी माती होती. वीरूचं तोंड तिनं गच्च भरलं होतं.

तेव्हापासून कुठलाही घास तिच्या तोंडात गेला की माती होतो.

डॉक्टरांची बोटं थांबली नाहीत, फक्त आवाज हळू झाला. शेवटी सुकन्या म्हणाली, मी लहान होते. परत म्हणाली, मी लहान होते, मला दिसत नव्हतं. आणि रडली, साधं, पोरीसारखं. डॉक्टर म्हणाल्या, छातीवर भिंत होती त्याच्या, तुझ्या घासानं नाही गेला तो. जाताना मला म्हणाल्या, आता हिला घाई करू नका.

मी मात्र कोरडी बसून होते. तिच्याकडं निदान एक तोंड आहे आठवायला.

१४ ऑगस्ट

आज ती जेवली!

मुली क्लासला गेल्या होत्या. तिला मऊ वरणभात कालवून दिला. ती घास उचलायची, ओठापर्यंत न्यायची, ठेवायची. रडायला लागली, म्हणाली, मावशी, मला खायचंय, हात वळत नाही. माझ्यानं बघवेना. मी ताट ओढलं आणि भरवायला लागले. हा घास आईचा. तोंड उघडेना. हा घास काकाचा. नाही. तोंडातून निघून गेलं, हा घास वीरूचा.

तिनं तोंड उघडलं. सगळा भात खाल्ला. वर अजून मागितला.

कसम मोडली खरी. पण पोरगी जेवली.

२० ऑगस्ट

रोज जेवते. प्रत्येक घास त्याच नावानं मागते. पण काट्यावर वजन उतरलंय. काल म्हणाली, मावशी, गिळायच्या आधीच घास संपतो.

तिच्या ताटाच्या तळाशी पांढरा गाळ राहतो. सुमय्यालाही दिसला. म्हणाली, मावशी, भातात खडे समजू शकते, तुम्ही तर शेत वाढून राहिल्या. बाकी पोरी हसल्या. मी तांदूळ पुन्हा निवडले, पातेली घासली. बाकी कुणाच्याच ताटात काही नाही. ही स्लॅबची इमारत. इथं माळवद कुठं आहे?

२५ ऑगस्ट

आज बैठकीत जे दिसलं ते लिहिण्यासारखं नाही, तरी लिहिते.

डॉक्टरांची बोटं फिरत होती. मी बाजूला होते, माझेही डोळे नकळत त्यांच्या मागं जायला लागले. डावीकडून उजवीकडं जाताना मध्ये सुकन्याच्या मांडीवर काहीतरी होतं. नजर थांबवली की नाही. डोळे फिरले की आहे.

दुपारी ती जेवताना मी मुद्दाम डोळे फिरवले. लेकरू. केस पांढरे, धुळीनं. तोंड उघडं, मिटतच नाही. तिच्या ओठाला लागायच्या आत घास त्याच्या तोंडात जातो.

आमच्याकडं मेलेल्याच्या नावानं घास काढला की त्याला बोलावणं जातं. कावळ्याची वाट आपण उगीच बघत नाही. मला हे माहीत नव्हतं असं नाही. पण लेकराला भरवताना आणि पितराला घास काढताना आपण एकच शब्द बोलतो, हे भरवणाऱ्या बाईला कुठं आठवतं? तो उपाशी गेला होता. मी त्याला नाव घेऊन जेवायला बोलावलं.

आणि तो तिला खाऊन राहिलाय.

२८ ऑगस्ट

डॉक्टरांना फोन करून कसम मोडल्याचं सांगितलं. रागावल्या नाहीत. जुनी वाट पुन्हा उघडली असेल, आता ते नाव ताटावर घेऊ नका, म्हणाल्या. मी नाव घेतलं नाही. सुकन्या मनातल्या मनात घेते. ओठ हलतात.

आज सकाळी ती जिन्यात पुन्हा पडली. आता वाट बघण्यात अर्थ नव्हता. दुपारी मी तिच्यासमोर माझं ताट वाढून घेतलं, भाकरीचा तुकडा मोडला आणि स्वतःच्या तोंडाशी नेऊन म्हटलं, वीरू, हा घास तुझा, इकडं ये, सिंधुआईकडं.

मांडीवर ओझं आलं. गार, ओलसर.

भाकरी मातीची लागली. सुकन्यानं समोर लोणच्याची फोड तोंडात टाकली आणि दचकून माझ्याकडं बघितलं. म्हणाली, मावशी, आंबट आहे.

तिला बारा वर्षांनी चव आली.

३ सप्टेंबर

सुकन्या सुधारतेय. गालावर रंग. काल सुमय्याशी शेंगाच्या चटणीवरून भांडली, आता माझ्या वाट्याचं खायची सवय सोड म्हणाली. डॉक्टर खूश. शिवलिंगअप्पांना फोनवर सगळं सांगितलं.

मी जेवते, पण माझ्यापर्यंत काही पोचत नाही. बांगड्या कोपरापर्यंत सरकतात. लुगड्यावर गुडघ्याजवळ पांढरे हात उमटतात, छोटे. धुतले तरी परत.

खरं लिहायचं तर मला भीती वाटते, आणि तो मांडीवरून उतरला की करमत नाही. तो बोलत नाही. पण काल ज्वारी निवडताना पदर ओढला आणि तोंडात माती असताना जसा येईल तसा आवाज आला. मी तो शब्द ओळखला. मला तो कुणी कधी म्हटला नव्हता.

७ सप्टेंबर

डॉक्टर लुबनांनी मला धरलं. म्हणाल्या, मावशी, हे तुमचं चाललंय काय, पोरीचं दुखणं तुम्ही उचललंत का, आता तुम्ही बसा माझ्यासमोर. बसले. बोटं फिरली. विचारलं, काय दिसतं. मी सांगितलं, नवरा गेला त्याचं काही दिसत नाही, मांडीवर लेकरू दिसतं. त्या मायेनं म्हणाल्या, बघत राहा आणि हळूहळू जाऊ द्या त्याला.

बोटांबरोबर तो फिका व्हायला लागला. खरंच व्हायला लागला. आणि वळून वर जिन्याकडं बघू लागला, सुकन्याच्या खोलीकडं.

मी उठले. बोटं बाजूला सारली. त्या म्हणाल्या, मावशी, असं काही एकाकडून दुसऱ्याकडं जात नसतं. असेल. त्यांच्या पुस्तकात नसेल जात.

१० सप्टेंबर

महालक्ष्म्यांसाठी मुली गावाला गेल्या. सुकन्या गेली नाही, सीईटीचा अभ्यास म्हणते. इमारतीत आम्ही दोघीच.

दोघीच नाही.

त्याचं भरत नाही. घास दिला की दुसरा, दुसरा दिला की — ताट संपलं की माझ्या बोटांना तोंड लावतो. नखांत माती.

१२ सप्टेंबर

सुकन्यानं ऐकलं. दारातून म्हणाली, मावशी, कुणाला भरवून राहिलात? मी म्हटलं, कुणाला नाही. तिनं डोळे फिरवले, डॉक्टरांनी शिकवलंय तसे, डावीकडून उजवीकडं —

किंचाळली असती तर बरं झालं असतं.

हसली. म्हणाली, वीरू, केवढा वाळलास रे.

माझा आहे तो, मला द्या, म्हणाली. मी म्हटलं, बाई, तो तुला खाईल. म्हणाली, मी त्याला मातीच खाऊ घातली, मावशी, एकदा तरी खरं पीठ खाऊ घालू द्या.

तिची भीती गेली. डॉक्टरांनी काढली, मी काढली. आता खाली नुसती मायाच राहिली. तिला अडवायचं कशानं?

१३ सप्टेंबर

सकाळीच फोन केले. अप्पा निघालेत. डॉक्टर नांदेडहून निघाल्या. तोवर धरून ठेवायचं. स्वयंपाकघराला कुलूप. त्याला घेऊन खोलीत बसलेय, कडी लावून. जड झालाय. पाय मुंग्यांनी मेले.

दुपार. ती मेसमध्ये आलीय. खिडकीतून दिसते. शेजारच्या घरून भाकरी मागून आणली. ताट मांडलं. पाट मांडला, छोटा.

सांगते तिला, ऐक, तू लहान होतीस, तुझी चूक नव्हती. ती म्हणते, माहीत आहे मावशी, म्हणून तर.

त्यानं मान वळवली — बहिणीचा आवाज. उतरतोय. वीरू, नको. आई म्हणालास ना मला. वळून बघत नाही — दार बंद आहे त्याला काय — गेला — पाटावर —

ती तुकडा मोडतेय. अप्पांना मी म्हटलं होतं जगवते. ती नाव घ्यायच्या आत —

मेलेल्याच्या नावाचा घास तो सोडत नाही. मेलेल्यांतलं कुणी कडेवर घेऊन चाललं तर जाईल. त्याला न्यायला कुणीतरी हवं. माझ्याच नावाचा घास काढला की मीही त्यांच्यातली. कोनाड्यात सकाळची अर्धी भाकरी आहे. हातात घेतली. खिडकीशी उभी आहे. वीरू, इकडं बघ, चल, आपण जाऊ. बघितलं त्यानं. बघितलं. सुकन्या, बाई, तू जेव. हा घास सिंधूचा. चव आली. ज्वारीची. हा घास सिंधूचा, हा घास सिं